सावत्र कीं दत्तक ? वंशावळींतील एक अवघड जागा

कुलवृत्तांत लिहिण्याची आवड महाराष्ट्रांत चांगली रुजलेली आहे. घराण्यांतील एखादे निवृत्त गृहस्थ जुनीं दप्तरें सोडतात, दूरच्या आप्तांस पत्रें पाठवितात, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांचीं नांवें उतरून आणतात, आणि वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर सातआठ पिढ्यांची वंशावळ उभी करतात. या मार्गानें जाणाऱ्या प्रत्येक शोधकास केव्हां ना केव्हां एक नांव अडवितें. बाप म्हणून ज्याचें नांव लागतें त्याच्या घरीं हा मुलगा जन्मलेला नसतो. आई या घरांत आली तेव्हां तो तिचें बोट धरून आलेला असतो. पुढें तो याच घरीं वाढला, याच आडनांवानें ओळखला गेला, आणि त्याचीं नातवंडें पणतवंडें आज याच कुळांतलीं म्हणून वावरत आहेत. मग तो या कुळांत विधिपूर्वक दत्तक घेतला गेला होता, कीं केवळ सावत्र मुलगा म्हणून पोसला गेला होता ?

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर चुकलें, तर खऱ्या दत्तकास आपण उपरा ठरवितों. किंवा उलटपक्षीं, जो दत्तक झालाच नव्हता त्याचा जन्मदाता बाप आपण आपल्या लेखणीनें कायमचा पुसून टाकतों. दोन्ही प्रकारांत अन्याय मृतांवर होतो, आणि मृतांस तक्रार करतां येत नाहीं. म्हणून हा शोध कसा करावा याचा विचार आज आपण करूं.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. 'सावत्र' हा एकच शब्द आपण दोन अगदीं भिन्न नात्यांस लावतों. पहिली बायको वारल्यावर बापानें दुसरें लग्न केलें, म्हणजे पहिलीचीं मुलें दुसरीचीं सावत्र होतात. तीं बापाच्याच कुळांत, बापाच्याच गोत्रांत असतात. त्यांना तेथें दत्तक घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. याच्या उलट दुसरा प्रकार आईच्या पुनर्विवाहाचा. ज्या जातींत पाट अथवा मोहतूर लावण्याची चाल पूर्वापार होती, तेथें विधवेचीं किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीचीं मुलें कधीं पहिल्या नवऱ्याच्या भाऊबंदांकडे राहत, तर कधीं आईबरोबर नव्या घरीं जात. उच्चवर्णीयांत १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानंतर असे प्रसंग क्वचित् घडूं लागले. आपला अवघड प्रश्न आहे तो या दुसऱ्या प्रकारचा.

पहिल्या प्रकारांतही एक उपयुक्त अनुमान मात्र दडलेलें आहे. पुत्र हयात असतां दत्तक घेतां येत नाहीं, असा जुन्या धर्मशास्त्राचा दंडक होता. आणि सवतीचा मुलगा हाही नवऱ्याचा पुत्रच. तेव्हां एखाद्या विधवेनें दत्तक घेतल्याचा कागद सांपडला आणि तिला सावत्र मुलगा होता असेंही आढळलें, तर तो मुलगा दत्तविधानापूर्वीं मरण पावला होता किंवा स्वतःच अन्य कुळांत दत्तक गेला होता, असा तर्क करावा आणि त्या दिशेनें शोध घ्यावा. दोन्हींतलें कांहींच निघालें नाहीं, तर त्या दत्तकावर पुढें दावा झाला असण्याचा संभव मोठा आहे. कोर्टाच्या दप्तराकडे वळावें.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतींत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस, पुत्रिकासुत, क्षेत्रज, गूढज, कानीन, पौनर्भव, दत्त, क्रीत, कृत्रिम, स्वयंदत्त, सहोढज व अपविद्ध, अशी ती मालिका आहे. यांतील पौनर्भव म्हणजे पुनर्विवाहित स्त्रीला नव्या पतीपासून झालेला पुत्र. आणि सहोढज म्हणजे विवाहसमयीं जो गर्भांत होता तो. परंतु आईचें बोट धरून चालत आलेल्या मुलास या बारांत कोठेंही जागा नाहीं. तो आपल्या पहिल्या बापाचा औरस होता आणि औरसच राहिला. पुढें कलियुगांत औरस व दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य, असा निर्णय निबंधकारांनीं दिला. मिथिलेंतील कृत्रिम पुत्रासारखे कांहीं अपवाद तेवढे उरले. म्हणजे सावत्र बापाच्या कुळांत शिरण्याचा दरवाजा एकच, तो दत्तविधानाचा. दहा वर्षें एका ताटांत जेविलें म्हणून तो उघडत नाहीं, आणि आडनांव लाविलें म्हणूनही उघडत नाहीं. प्रेमानें पाळलेला तो पालकपुत्र. देऊन घेतलेला तो दत्तकपुत्र. हा भेद शोधकानें क्षणभरही दृष्टीआड होऊं देतां कामा नये.

दत्तविधानाचा प्राण म्हणजे दान आणि प्रतिग्रह. ज्याला अधिकार आहे त्यानें मुलगा द्यावा, आणि घेणारानें तो प्रत्यक्ष मांडीवर घ्यावा. दत्तहोम, पुण्याहवाचन, नांव बदलणें, साखर वांटणें, हे सारे त्या कृत्याचे अलंकार. होम सर्व वर्णांना आवश्यक नव्हता. परंतु देणेंघेणें मात्र कोणासही चुकलें नाहीं. आणि देण्याचा अधिकार फक्त जन्मदात्या आईबापांस होता. सावत्र आईला सवतीचा मुलगा दत्तक देतां येत नसे; आजोबाला येत नसे; थोरल्या भावालाही येत नसे. त्यामुळेंच जुन्या कायद्यांत अनाथ मुलाचें दत्तविधान होणें शक्य नव्हतें, कारण त्याला देणारा कोणी नव्हता.

आपल्या प्रश्नाची खरी गांठ येथेंच आहे. पहिला बाप वारलेला. आईनें दुसऱ्याशीं पाट लाविलेला. अशा आईस पहिल्या नवऱ्याचा मुलगा दत्तक देण्याचा अधिकार राहतो काय ? मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें हा प्रश्न एकाहून अधिक वेळां आला, आणि न्यायमूर्तींचीं मतें आरंभीं एकसारखीं पडलीं नाहींत. अखेर १९२१ सालीं पूर्णपीठानें असा निर्णय दिला कीं, पुनर्विवाहानंतर तो अधिकार तिच्याकडे उरत नाहीं. १८५६ च्या कायद्यानें देखील पुनर्विवाह करणाऱ्या विधवेच्या मुलांसाठीं पहिल्या नवऱ्याच्या आप्तांस कोर्टाकडून पालक नेमून घेण्याची वाट ठेविली होती. मूल हें मृत पित्याच्या कुळाचें, ही कल्पना या सर्व व्यवस्थेच्या मुळाशीं होती.

यावरून संशोधनास एक सोपी पण फार कामाची कसोटी मिळते. जुन्या काळचें प्रकरण असेल तर दोन तिथी शोधून एकमेकींशेजारीं मांडाव्या : आईच्या पाटाची तिथी आणि तथाकथित दत्तविधानाची तिथी. समजा, पाट १९०५ सालीं लागला आणि मुलास नव्या बापाच्या मांडीवर दिल्याची गोष्ट १९०९ ची म्हणून सांगितली जाते. अशा वेळीं देणारें कोण होतें, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. आईच देणारी असेल, तर समारंभ खरोखर झाला असला तरी तो कायद्यानें टिकला असता कीं नाहीं याविषयीं शंका घेण्यास भरपूर जागा आहे. उलट पहिला बाप हयात असून काडीमोडीच्या वेळींच त्यानें मुलगा दिला असेल, तर चित्र पालटतें. जातीची विशिष्ट रूढी सिद्ध झाल्यास तिचाही विचार न्यायालयें करीत आलीं आहेत. म्हणून निकाल देण्याची घाई न करितां घटना आणि तिची कायदेशीर किंमत या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या.

आतां पुरावा कोठें शोधावा ? पहिली जागा घरांतली. दत्तकपत्र, समारंभाच्या खर्चाची याद, आमंत्रणपत्रांचा मसुदा, उपाध्यायाची दक्षिणा लिहिलेला जमाखर्च, हे कागद बहुधा मोडींत असतात, आणि वाचतां येत नाहींत म्हणून रद्दींत जातात. दत्तकपत्रापेक्षां खर्चाची याद कित्येकदां अधिक विश्वासार्ह ठरते; कारण दत्तकपत्र पुढील वादासाठीं लिहिलेलें असूं शकतें, परंतु गूळ, साखर व पानसुपारी किती आणली हें कोणी कोर्टासाठीं लिहून ठेवीत नाहीं.

दुसरी जागा दुय्यम निबंधकाची कचेरी. येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १९०८ च्या नोंदणीच्या कायद्याप्रमाणें, १ जानेवारी १८७२ नंतर मृत्युपत्राखेरीज अन्य रीतीनें दिलेला दत्तक घेण्याचा अधिकार नोंदविणें सक्तीचें आहे. परंतु दत्तक घेतल्याचें पत्र नोंदविलेंच पाहिजे असें नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत विधवेला दत्तक घेण्यास नवऱ्याची स्पष्ट आज्ञा लागत नसे, त्यामुळें असलीं अधिकारपत्रेंही आपल्याकडे सर्रास आढळत नाहींत. मृत्युपत्रें व दत्तकाचे अधिकार तिसऱ्या पुस्तकांत नोंदले जातात, आणि स्थावराशीं संबंध नसलेले संकीर्ण दस्त चौथ्यांत. पहिलें पुस्तक कोणासही पाहतां येतें; तिसऱ्यांतील नक्कल दस्त करणाराच्या मृत्यूनंतर कोणासही मागतां येते; चौथ्यांतील मात्र दस्ताशीं संबंध असलेल्या पक्षकारांस किंवा त्यांच्या प्रतिनिधींसच मिळते. म्हणून शोधास निघतांना त्या घराण्यांतील हयात वारसास बरोबर न्यावें.

तिसरी जागा तलाठ्याचें दप्तर. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीची पद्धति १९०३ च्या कायद्यानें सुरू झाली. तेव्हांपासून बाप मेला कीं फेरफाराच्या वहींत वारसांचीं नांवें चढतात. त्या नोंदींत 'दत्तक पुत्र' असे शब्द आहेत, कीं नुसतें 'मुलगा' म्हटलें आहे, कीं जमीन बक्षिसानें वा मृत्युपत्रानें आली आहे, हें अक्षरशः उतरून घ्यावें. फेरफाराची नोंद सारावसुलीसाठीं असते. तिनें दत्तविधान सिद्ध होत नाहीं. पण हरकत कोणी घेतली होती काय, हें तिच्यावरून कळतें. आणि सख्ख्या पुतण्यांनीं हरकत न घेतां सावत्र मुलाचें नांव चढूं दिलें असेल, तर तें मौन बोलकें आहे.

चौथी जागा शाळेची. आपल्याकडे नांवाच्या मधोमध बापाचें नांव येतें, ही शोधकावर मोठीच कृपा आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरांत मुलगा प्रथम एका बापाच्या नांवानें दाखल झाला आणि पुढें दुसऱ्याच्या नांवानें, असें दिसलें तर त्या दोन तारखांच्या मध्यें कांहीं तरी घडलें आहे. तें दत्तविधानच होतें असें मात्र समजूं नये. मास्तरांनीं विचारलें आणि घरच्यांनीं सांगितलें, एवढ्यावरही नांव बदलत असे. तारीख हा येथें मिळणारा खरा लाभ होय.

पांचवी जागा नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर यांसारख्या क्षेत्रींच्या उपाध्यायांची. त्यांच्या वह्यांत यात्रेकरू आपलें गांव, बाप, आजा, भाऊ व मुलें यांचीं नांवें लिहून ठेवीत आले आहेत. श्राद्धासाठीं आलेला मनुष्य पिंड कोणाला द्यावयाचा हें सांगतांना सहसा खोटें बोलत नाहीं. गांवांत सावत्र बापाचें नांव लावणारा मनुष्य गोदातीरीं पहिल्या बापाला पिंड देतो असें आढळलें, तर तो स्वतःला कोणाचा मुलगा समजत होता हें त्याच्या हातच्या लेखानेंच कळून येतें.

पुरावा किती बारीक पाहावा लागतो, याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण. तें सावत्र मुलाचें नव्हे; परंतु दत्तविधानाच्या पुराव्याचा वस्तुपाठ म्हणून त्याला तोड नाहीं. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ सालीं वारले. लोकमान्य टिळक हे त्यांच्या विश्वस्तांपैकीं एक. बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज यांनीं १९०१ च्या जून महिन्यांत औरंगाबाद येथें जगन्नाथ यास दत्तक घेतलें, असें टिळकांचें म्हणणें. पुढें त्याच वर्षीं कोल्हापूरकडील दुसऱ्या मुलास दत्तक घेतल्याचें सांगण्यांत आलें, आणि औरंगाबादेस मुलगा मांडीवर दिलाच गेला नव्हता असा पक्ष उभा राहिला. टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, खालच्या कोर्टानें शिक्षा दिली, आणि १९०४ सालीं उच्च न्यायालयानें ती रद्द केली. दिवाणी वाद तर १९१५ पर्यंत चालला, तेव्हां प्रिव्ही कौन्सिलनें जगन्नाथमहाराजांचें दत्तविधान खरें धरलें. एवढा कागद, एवढे प्रतिष्ठित साक्षीदार, आणि तरी मुलगा मांडीवर दिला कीं नाहीं या एका प्रश्नावर चौदा वर्षें ! मग ज्या शेतकरी घरांत कागदच झाला नाहीं, तेथें आपण किती सावधपणें बोललें पाहिजे !

कागद सांपडला नाहीं तर काय म्हणावें ? दत्तविधान तोंडीही होऊं शकत होतें. म्हणून कागदाचा अभाव म्हणजे दत्तकाचा अभाव नव्हे. अशा वेळीं वर्तन हाच पुरावा. मुलानें जन्मकुळांतील वांटणी नंतरच्या काळांत घेतली काय ? घेतली असेल, तर तो तेथून निघून गेला नव्हता असें मानण्याकडे कल होतो. दोन्ही बापांचा असा करार करून झालेला द्व्यामुष्यायण हा याला अपवाद. त्याच्या लग्नांत कोणतें कूळ व देवक सांगितलें ? सावत्र बापाला अग्नि कोणी दिला ? आणि सावत्र बापानें त्याच्यासाठीं मृत्युपत्र केलें काय ? हा शेवटचा पुरावा दुधारी आहे. खऱ्या दत्तकास मृत्युपत्राची गरज नसते, म्हणून मृत्युपत्राचें अस्तित्व दत्तकाविरुद्ध बोलतें. परंतु भाऊबंदांच्या वादास भिऊन दूरदर्शी माणसें दत्तक असतांही मृत्युपत्र करीत. महात्मा जोतीराव फुले यांनीं यशवंतास पुत्र मानून वाढविलें, आणि तरी १८८७ सालीं मृत्युपत्र नोंदवून ठेविलें. समाजाचा रोष ओढवून घेणाऱ्या घराला अशी तटबंदी आवश्यकच होती.

वय मात्र जुन्या प्रकरणांत फसवें प्रमाण आहे. मुंबईकडे मोठा, विवाहित, मुलेंबाळें असलेला मनुष्यही दत्तक जात असे. म्हणून 'तो तेव्हां तीस वर्षांचा होता, सबब दत्तक नव्हे' हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाहीं.

२१ डिसेंबर १९५६ पासून हिंदूंच्या दत्तकाचा नवा कायदा अंमलांत आला, आणि त्यानंतरच्या प्रकरणांत शोधकाचें काम पुष्कळ सुकर झालें. दत्तहोम अनावश्यक ठरला. रूढी नसल्यास मुलाचें वय पंधराच्या आंत असलें पाहिजे असें ठरलें. आणि देणारा व घेणारा या दोघांच्या सह्यांचें नोंदलेलें पत्र असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, दत्तविधान यथाविधि झालें असें कोर्टानें मानावें, असा नियम झाला. या कायद्यानें सावत्र नात्याचा भेदही स्पष्ट राखला आहे : विधुरानें दत्तक घेऊन मागाहून लग्न केलें, तर ती पत्नी त्या मुलाची सावत्र आईच होते. पुढें १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, वारसाच्या कायद्यांतील हिंदु स्त्रीचे 'पुत्र' या शब्दांत सावत्र मुलगा येत नाहीं. बाल न्याय अधिनियमाखालीं सावत्र मातापित्यानें दत्तक घेण्याची वेगळी रीत आहे. त्या अधिनियमाखालचे दत्तकाचे आदेश पूर्वीं न्यायालय देई, ते २०२२ पासून जिल्हादंडाधिकारी देतात. म्हणजे आजच्या मुलांचा इतिहास उद्यां लिहिणाराला आदेशाचा कागद मागतां येईल. आपल्या आजोबापणजोबांच्या बाबतींत ती सोय नाहीं.

धर्म व प्रदेश बदलला कीं प्रश्नाचें रूपही बदलतें. मुसलमानी कायद्यांत दत्तकानें पुत्रत्व येत नाहीं. ख्रिस्ती कुटुंबांत पुष्कळदां १८९० च्या कायद्याखालील पालकत्वाचा हुकूमच सांपडतो. अशा घराण्यांत दत्तकपत्र शोधण्यांत काळ घालविणें व्यर्थ होय. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं तर हें ध्यानांत ठेवावें कीं, त्या देशांत १ जानेवारी १९२७ पूर्वीं कायदेशीर दत्तक असा प्रकारच नव्हता. त्या आधींच्या कागदांत जो मुलगा 'दत्तक' म्हणून लिहिला असेल तो पाळलेलाच समजावा.

आतां शेवटचा प्रश्न : हें सर्व करून वंशावळींत लिहावें काय ? माझी सूचना अशी कीं, तीन शब्द ठरवून घ्यावे. देणारा, घेणारा व काळ हे तिन्ही पुराव्यानें मिळाले, तर 'दत्तक' लिहावें. वर्तनाचा पुरावा भरपूर, परंतु दानाचा पुरावा नाहीं, तेथें 'दत्तक असल्याचा संभव' लिहावें. दोन्ही नसेल, तर 'सावत्र पुत्र, याच घरीं वाढला' असें सरळ लिहावें. आणि तिन्ही प्रकारांत, कळत असेल तर, त्याच्या जन्मदात्या बापाचें नांव द्यावें, आईच्या पहिल्या घराचें नांव द्यावें. चांगल्या कुलवृत्तांतांत दत्तक गेलेला मनुष्य दोन्ही शाखांत दाखविला जातो. सावत्र मुलासही तीच उदारता दाखविण्यास काय हरकत आहे?

प्रतिष्ठेच्या भयानें संपादक अशा मुलास एकतर गाळतात, नाहीं तर निःशंकपणें औरस म्हणून छापतात. दोन्हींत बळी जाते ती त्याची आई. पहिला नवरा गमावून, लहानग्याला कडेवर घेऊन जी परक्या उंबरठ्यावर आली, तिच्या आयुष्याचा अर्धा भाग त्या एका छापील ओळीबरोबर नाहींसा होतो. आणि तो सावत्र बाप ? शास्त्रानें ज्याच्यावर कोणतेंही बंधन घातलें नव्हतें, अशा परक्याच्या मुलाला त्यानें भाकर दिली, नांव दिलें, कधीं जमिनीचा तुकडाही दिला. खोटें दत्तविधान त्याच्या माथीं मारल्यानें त्याचा गौरव होत नाहीं. उलट कर्तव्य नसतां केलेलें त्याचें औदार्य कर्तव्याच्या रकान्यांत जाऊन पडतें. घडलें तसें लिहिलें, तर त्या घरांतील तिघांचाही मान राहतो.